सतरावा प्रश्न डुगडुगतो

ता. ३ जून

चि. ठमीस,
मामाचे आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. मामी ठणठणीत आहे, आणि या पत्राचा तिला पत्ता लागता कामा नये, हे आधी डोक्यात घे.

आमचा खुर्च्यांचा कारखाना विकला गेला. नव्या साहेबांनी फळ्यावर नोटीस लावली आहे. ऑगस्टअखेर सगळ्यांची जुनी नोकरी संपणार आणि एक सप्टेंबरपासून नव्या कंपनीत नव्याने भरती. त्याआधी कल चाचणी. पन्नास प्रश्न, साठ मिनिटं. तीस बरोबर आले तर नोकरी, नाहीतर रामराम.

मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षं दिवसाला दीडशे खुर्च्यांवर बसतो. सपाट फरशीवर खुर्ची ठेवायची, चारही कोपऱ्यांवर दाबायचं, बसायचं, रेलायचं, उठायचं, उलटी करून सांधे बघायचे, आणि डुगडुगली तर पाठीवर खडूने फुली. माझ्या फुलीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. आता चोपन्नाव्या वर्षी माझीच तपासणी करणार म्हणे.

तुझी आई सांगत होती की तू अशाच चाचण्यांचे प्रश्न बनवणाऱ्या कचेरीत लागली आहेस. काखेत कळसा असताना मी गावाला वळसा कशाला घालू? थोडे सरावाचे प्रश्न पाठव. फोन करू नकोस. घरचा फोन मामी उचलते आणि माझा मोबाइल दिवसभर फाटकावर जमा असतो. शिवाय फोनवरचा प्रश्न उलटा करून बघता येत नाही. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाक, पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय.

मामीला का सांगत नाही, असं विचारशील. ती घाबरेल. आणि घाबरली की ती कपाटं आवरते. मागच्या खेपेला आवरलं तेव्हा माझा चष्मा तीन आठवडे सापडला नव्हता.

तुझा,
मामा


ता. ८ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि चष्म्यापाशी मोठ्याने हसले. आमच्या प्रमुख बाईंनी वर बघितलं. माझी नोकरी अजून कच्ची आहे, सहा महिने पुरे व्हायचेत. त्यामुळे पुढच्या वेळी जपून लिही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी तुला फक्त जुने, वापरून टाकून दिलेले प्रश्न पाठवीन. चालू कामातलं अक्षरही नाही. तुमच्या कारखान्याची प्रश्नपत्रिका कोण काढतंय मला माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं.

हे चार सोडव. घड्याळ लावून, प्रत्येकी एक मिनिट.

१. सर्व टेबले खुर्च्या आहेत. सर्व खुर्च्या कपाटे आहेत. म्हणून सर्व टेबले कपाटे आहेत. बरोबर की चूक?

२. एक माणूस घरातून निघून दहा पावले उत्तरेला गेला, उजवीकडे वळून दहा पावले गेला, पुन्हा उजवीकडे वळून दहा, पुन्हा उजवीकडे वळून दहा. आता तो कुठे आहे?

३. २, ६, १२, २०, ३०, पुढे काय?

४. चार जण एका रांगेत बसले आहेत, तोंडे एकाच दिशेला. अ डाव्या टोकाला. ब उजव्या टोकाला. क हा अ च्या शेजारी. ड हा ब च्या शेजारी. क आणि ब यांच्या मध्ये कोण?

तुझी,
ठमी


ता. १४ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पहिला प्रश्न: चूक. आणि ज्याने लिहिला त्याला आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत सोडू नये. टेबल ते टेबल आणि खुर्ची ती खुर्ची. टेबलावर बसणाऱ्याला आमच्यात असभ्य म्हणतात. मी हा प्रश्न आमच्या सुताराला दाखवला. तो म्हणाला, "टेबलाला पाठ लावा, मग बघू." तेव्हा दोघांचंही मत चूक.

दुसरा: माणूस घरीच परत आला. चाळीस पावलं चालून जिथल्या तिथे. बहुधा किल्ली विसरला असेल, किंवा बायकोने हाक मारली असेल. मी असतो तर पहिल्याच वळणावरून फिरलो असतो.

तिसरा: बेचाळीस. हा कसा आला विचारू नकोस, आला.

चौथा: ड. पण हा प्रश्न मी चार स्टुलं मांडून बघितला आणि मला त्यात खोट सापडली. अ एका टोकाला, ब दुसऱ्या टोकाला, क अ च्या शेजारी. झालं की! ड ला बसायला एकच जागा उरते. मग 'ड हा ब च्या शेजारी' ही ओळ कशाला? आमच्याकडे नवा सुतार चार खिळ्यांच्या जागी पाच मारतो आणि म्हणतो, भक्कम झाली. जादा खिळ्याने लाकूड फुटतं. ज्याने कुणी प्रश्न बनवला त्याला सांग, एक खिळा काढ.

वेळ: चार प्रश्नांना पावणेदोन तास. स्टुलं आणायला वेळ गेला.

मामा


ता. १९ जून

प्रिय मामा,

पावणेदोन तास! चाचणीत स्टुलं मिळणार नाहीत.

पहिला चुकलास. प्रश्नात दिलेलं खरं आहे का हे बघायचंच नाही. दिलं ते मुकाट्याने गृहीत धरायचं आणि पुढे जायचं. टेबलं खुर्च्या आहेत म्हटलं की आहेत. मग सगळी टेबलं कपाटं, आणि उत्तर बरोबर. रोज सकाळी आरशापुढे दहा वेळा म्हण, "गृहीत धर."

पण चौथ्याबद्दल तुझ्या पाया पडते. ती ओळ खरंच जास्तीची होती, आणि तो प्रश्न मीच बनवला होता! तुझं पत्र वाचल्यावर मी माझ्या टेबलावरचे सगळे प्रश्न काढून बसले आणि सात प्रश्नांतला एकेक खिळा उपटला. बाई म्हणाल्या, "तुझे प्रश्न एकदम सुटसुटीत झाले हं." इथे लागल्यापासून पहिल्यांदा कौतुक. श्रेय तुझं.

आता नात्यांचे प्रश्न पाठवते. सोबत पंधरा आहेत, त्यांतला हा नमुन्याचा. फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक पुरुष म्हणाला, "हिच्या मुलीचे वडील म्हणजे माझ्या आईचे एकुलते एक जावई." ही बाई त्याची कोण? वेळ एक मिनिट.

ठमी


ता. २७ जून

चि. ठमीस,
मामीचे आशीर्वाद.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे, तेव्हा बोलू नकोस. तुला म्हणून सांगते, कारण तुझ्या आईला सांगितलं तर ती पहिल्या गाडीने इथे येऊन रडेल.

धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात एक कागद सापडला. अक्षर यांचं. फोटोतली कुणी बाई, तिला मुलगी, त्या मुलीचे वडील, आणि खाली दोनदा रेघ मारून, "ही बाई कोण?" पुढे "एक मिनिट" असंही लिहिलंय. मग शांतपणे बसून विचार केला. सासूबाईंना जावई एकच, तुझे वडील. त्यांची मुलगी तू. म्हणजे फोटोतली बाई कोण, तर तुझी आई!

अगं, यांना स्वतःची सख्खी बहीण ओळखू येईना झाली आहे. विसरू नये म्हणून कागदावर लिहून खिशात ठेवतात. संध्याकाळी मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्हाला बहिणी किती?" तर हे चपापले आणि म्हणाले, "गृहीत धर, एक."

मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू लहानपणीचे फोटो असतील तर पाठव, मागे नावं लिहून.

मामी


ता. १ जुलै

प्रिय मामी,

डॉक्टरांची वेळ रद्द करा. मामाची आठवण शाबूत आहे. त्याला भरतीची परीक्षा द्यायची आहे, तो नात्यांच्या प्रश्नांचा सराव करतोय, आणि तुम्ही घाबराल म्हणून तुमच्यापासून लपवतोय. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

आणखी एक. तो प्रश्न तुम्ही किती वेळात सोडवलात? मामाने कळवलंय, त्याला बारा मिनिटं लागली आणि उत्तर "आत्या" आलं.

तुमची,
ठमी


ता. ५ जुलै

चि. ठमीस,
आशीर्वाद.

प्रगती कळवतो. तू नंतर पाठवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकेत काल पन्नासपैकी चोवीस बरोबर, वेळ एक तास दहा मिनिटं. गृहीत धरणं हळूहळू जमतंय. फक्त त्याचा बोभाटा झालाय. परवा एका खुर्चीवर फुली मारली तर तो नवा सुतार म्हणाला, "मामा, गृहीत धरा की डुगडुगत नाही." सगळं खातं हसलं. मीही हसलो, पण फुली पुसली नाही.

घरी एक नवल. मामी हल्ली संध्याकाळी दोन तास शेजारी जाऊन बसते, म्हणते, "तुम्हाला काही वाचायबिचायचं असेल." मला वाचायचंय हे हिला कुणी सांगितलं? शिवाय ती येताजाता मला नाती विचारते. "तुमच्या मेव्हण्याच्या बायकोचा भाऊ तुमचा कोण?" मी म्हटलं, मीच. तर म्हणाली, "शाबास."

परीक्षा बावीस तारखेला. अजून सहा गुण हवेत. बैठकीचे प्रश्न आणखी पाठव, त्यांत माझा हात बसलाय. खरं सांगतो, घाबरलोय. नोकरी गेली तर या वयात मला खुर्चीवर बसायला कोण ठेवणार?

मामा


ता. १० जुलै

ती. मामास,
सा. न.

यापुढे मी प्रश्न पाठवू शकत नाही. निकाल लागेपर्यंत पत्रही लिहू शकत नाही. कारण विचारू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही.

ठमी


ता. १६ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

"तुझं काही चुकलेलं नाही" असं माणूस तेव्हाच लिहितं जेव्हा पुढच्याचं चुकलेलं असतं. तेव्हा मी सगळ्याचीच माफी मागून टाकतो, तुझं जे असेल ते त्यात निवडून घे.

टेबलं खुर्च्या नाहीत असं म्हणालो, चुकलो. आहेत. तुझ्या प्रश्नाला खोट काढली, चुकलो. पाया पडते म्हणालीस तेव्हा मी मनातून सुखावलो, तेही चुकलो. तू सहा वर्षांची असताना तुझ्या बाहुलीच्या खुर्चीवर मी खडूने फुली मारली होती आणि तू दोन दिवस जेवली नव्हतीस. ते अजून मनात आहे का? खुर्ची डुगडुगत होती गं. पण चुकलो.

की तुझं कुठे लग्नाचं जमतंय? तसं असेल तर कळव. मुलगा बघायला मी येईन, आणि या खेपेला खडू आणणार नाही.

तुझ्या आईला सहज विचारलं तर ती म्हणाली, "ती कामात आहे." भावाबहिणींचं बोलणं इतकं थोडक्यात आटपलं म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.

असो. तू रागावलीस तरी सराव चालू आहे.

मामा


ता. २३ जुलै

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तू उत्तर देणार नाहीस, तरी लिहितो. सांगायला दुसरं कोण आहे?

काल परीक्षा झाली. त्रेचाळीस जण, जेवणाच्या मोठ्या खोलीत. माझ्या वाट्याला खिडकीजवळची खुर्ची आली. बसलो आणि कळलं, मागचा डावा पाय अर्धा बोट आखूड. कुणाच्या तपासणीतून सुटली देव जाणे. कागदाची घडी पायाखाली घातली, त्यात दोन मिनिटं गेली.

पहिले सोळा प्रश्न भराभर गेले. टेबलं कपाटं झाली, पक्षी दगड झाले, मी हूं की चूं केलं नाही. मग आला सतरावा. पाच जण रांगेत, तोंडं एकाच दिशेला. क मधल्या खुर्चीवर. अ हा ब च्या लगेच डाव्या हाताला. ड टोकाला नाही. ई कुठे बसला आहे? उत्तरं चार: डावं टोक, उजवं टोक, क च्या शेजारी, ब च्या शेजारी.

मी अ आणि ब ला डावीकडे बसवलं. ई उजव्या टोकाला गेला. झालं, म्हणून पेन टेकवणार, तेवढ्यात हाताला सवय आठवली. एका बाजूने ठीक वाटली की खुर्ची उलटी करून बघायची. अ आणि ब ला उचलून उजवीकडे बसवलं. क मध्येच. ड टोकाला नको म्हणून क च्या शेजारी. आणि ई डाव्या टोकाला! तेही बरोबर! ठमे, तो प्रश्न डुगडुगत होता.

इथे मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. गृहीत धर, एक उत्तर ठोक, पुढे चल. पण डुगडुगती वस्तू हातून पास करायची? ते काही माझ्याने झालं नाही. प्रश्नावर फुली मारली आणि पेपराच्या पाठीमागे दोन्ही बैठकींचा नकाशा काढून अहवाल लिहिला. "सदर प्रश्न दोन्ही बाजूंनी बसून पाहिला. स्थिर नाही. बनवणाऱ्याकडे परत पाठवावा." त्यात नऊ मिनिटं गेली. शेवटचे आठ प्रश्न उघडलेसुद्धा नाहीत.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल काल माझ्यासमोर उभा होता. काठावर आहे. एखाद्या गुणाने जाईल असं वाटतंय. मामीला अजून काही सांगितलेलं नाही. तिने कालपासून दोन कपाटं आवरली, कशासाठी ते कळत नाही.

मामा


ता. ६ ऑगस्ट

प्रिय मामा,

निकाल आजच तुमच्या कारखान्यात पोचलाय, म्हणून आता लिहायची मोकळीक मिळाली. आधी हे वाच: तू पास आहेस. तीस गुण. आता बस, आणि पुढचं वाच.

सतरावा प्रश्न मी बनवला होता.

जुलैच्या सुरुवातीला कळलं की तुमच्या कारखान्याची प्रश्नपत्रिका आमच्याच कचेरीत निघते आहे. मी त्याच दिवशी बाईंना सांगितलं, माझा मामा त्यात बसतोय. बाईंनी माझ्याकडून सगळे कागद काढून घेतले आणि निकालापर्यंत तुला एक ओळही लिहायची नाही असं बजावलं. म्हणून ते पत्र. तुझा माफीनामा वाचून मी रडले आणि हसले. बाहुलीच्या खुर्चीचं मी विसरले होते. आता आठवलं.

पण प्रश्न तर आधीच बनले होते. शेवटची तपासणी बाईंनी केली. त्यांना उजवं टोक मिळालं, त्या पुढे गेल्या. एक उत्तर हाती आलं की माणूस दुसरं शोधत नाही.

मग तुमचे पेपर आले, आणि बाईंनी फुली मारलेला एक पेपर सगळ्यांपुढे धरला: उमेदवार क्रमांक एकतीस, आणि पाठीमागे तुझं अक्षर. मी माझी जुनी वही उघडली. त्या प्रश्नात आणखी एक ओळ होती, 'ब आणि क शेजारी आहेत.' मी ती जास्तीचा खिळा समजून जूनमध्ये उपटली होती. सात खिळ्यांतला तो एक कामाचा निघाला.

मामा, मी अर्धा दिवस ते वहीचं पान उघडं ठेवून बसले. गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. बाई म्हणत होत्या, एखादा उमेदवार असतो भांडखोर. आणि बोलले तर सगळे म्हणणार, मामाला वर काढायला भाचीने प्रश्न मोडीत काढला. तुझे गुण तोवर मोजलेले नव्हते. तू काठावर आहेस एवढं मात्र पेपर बघून कळत होतं.

शेवटी उठले आणि बाईंच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "उमेदवाराचं बरोबर आहे. चूक माझी आहे. उमेदवार माझा मामाच आहे, पण त्याला माझा इलाज नाही." बाई लाल झाल्या. मग म्हणाल्या, "खुर्च्या लावा." कचेरीत पाच खुर्च्या रांगेत लावल्या. शिपाईकाका अ, टंकलेखिका ब, मी क, छपाईवाले ड, आणि बाई स्वतः ई. पहिल्या खेपेला बाई उजव्या टोकाला गेल्या. दुसऱ्या खेपेला डाव्या टोकाला. तिथे त्या दोन मिनिटं बसून राहिल्या. छपाईवाले म्हणाले, "पुन्हा एकदा करू या का?" बाई म्हणाल्या, "गप्प बसा."

सव्वीस जणांनी उजवं लिहिलं होतं, अकरा जणांनी डावं, पाच जणांनी भलतंच, आणि एकाने फुली. प्रश्न रद्द. त्रेचाळीसही जणांना तो गुण दिला. मग मोजणी झाली. तुझे एकोणतीस होते, तीस झाले.

माझी नोकरी आणखी तीन महिने कच्ची राहणार. ते मला मंजूर आहे.

ठमी


ता. ११ ऑगस्ट

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा लाज वाटली. खिळा उपटायला मीच शिकवलं तुला. उंटावरून शेळ्या हाकायची हौस! कुठला खिळा जादा हे खुर्ची हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही, एवढं तरी तुला लिहायला हवं होतं मी.

तेव्हा माझ्या चुकीतून निघालेल्या प्रश्नाचा गुण मला नको. इतरांना द्या, त्यांचा दोष नाही. नापास मालामुळे पास झालेला तपासनीस उद्या कुणाच्या खुर्चीवर फुली मारणार? साहेबांना अर्ज लिहिला आहे. गुण परत घ्यावा, आणि मग कंपनीला योग्य वाटेल ते करावं. साहेब मुख्य कचेरीत बसतात, अर्ज टपालानेच जातात. मामीला आता सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अगंबाई, परीक्षा होती का?" अर्ज तिच्याकडे टाकायला दिला आहे.

मान ताठ आहे, ठमे.

मामा


ता. १३ ऑगस्ट

चि. ठमीस,
आशीर्वाद.

यांचा अर्ज मी टाकलेला नाही. वरच्या कपाटात कागदाखाली ठेवला आहे. ते कपाट मी नुकतंच आवरलंय, तेव्हा यांना काही सापडायचं नाही.

तू खरं बोललीस ते तुझ्या जागी बरोबर. मी माझ्या जागी बरोबर. संसार चालवायचा तर एखादं पत्र टपालात पडत नाही. तो गुण त्रेचाळीस जणांना मिळाला, त्यात माझा नवराही एक आहे. यांनी कधी विचारलं तर तुला माहीत नाही.

मामी


ता. ८ सप्टेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हे पत्र भर दुपारी घरी बसून लिहितोय, कारण मी दोन दिवस रजेवर आहे. रजा कशी मिळाली ते ऐक.

एक तारखेला भरतीची यादी लागली. त्यात माझं नाव. मला वाटलं, साहेबांनी अर्ज वाचला, माणूस ओळखला, आणि एक गुण कमी असूनही ठेवून घेतलं. छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली. काल साहेब पाहणीला आले तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, माझ्या अर्जाचा विचार केलात, फार आभारी आहे." साहेब म्हणाले, "कुठला अर्ज?"

ठमे, वीस प्रश्न मला साठ मिनिटांत सुटले नाहीत, पण हा त्या एका क्षणात सुटला. अर्ज टपालात पडलाच नव्हता. साहेब समोर उभे, सगळं खातं बघतंय, खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. आणि माझ्या तोंडून निघालं, "रजेचा." साहेब म्हणाले, "किती दिवस हवी?" म्हणालो, "दोन." नव्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात रजा मागणारा कारखान्यात मी एकटा. घरी सांगितलंय की कारखान्यात रंगकाम चाललंय, म्हणून सुटी.

तर कालपासून बसून एकाच प्रश्नाचा विचार करतोय. तुला पाठवलेलं प्रत्येक पत्र मी स्वतः टाकलं. टपालपेटी कारखान्याच्या फाटकाला लागूनच आहे, रोज दोनदा तिच्यावरून जातो. जन्मात कधी बायकोकडे टपाल दिलं नाही. मग हा एकच अर्ज तिच्याकडे का दिला? दोन्ही बाजूंनी बसून पाहिलं, उत्तर एकच येतंय. ती टाकणार नाही हे मला ठाऊक होतं.

मला नोकरी हवी होती गं. फार भीती वाटत होती. ताठ मान माझ्याकडे ठेवली आणि लबाडी तिच्या पदरात टाकली. एकोणतीस वर्षं मी लोकांच्या खुर्च्या उलट्या करून बघतोय, त्यांत बनवणारा स्वतः पुढे येऊन "चूक माझी आहे" म्हणालेला मला एकही आठवत नाही. तू म्हणालीस, तेही कच्च्या नोकरीत. मला तुझा अभिमान वाटतो, आणि स्वतःची थोडी शरम वाटते. नोकरी मी सोडणार नाही. पण मामीवर ढकललेलं परत घ्यायला हवं, आणि ते तोंडाने बोलायला मला जमत नाही.

आत्ताच ती चहा ठेवून गेली. विचारत होती, "कुणाला लिहिताय?" म्हटलं, "ठमीला. टाकशील का?" म्हणाली, "टाकते की." पाकीट तिच्याकडे देतोय. चिकटवलेलं नाही.

तुझा,
मामा

ता. क. ठमे, वाचलं. रंगकाम नाही हे मला कालच कळलं होतं, कपड्यांना वास नव्हता. अर्ज मी फाडून टाकला आणि हे पत्र आता पेटीत टाकायला निघाले आहे. हे मागोमाग येतो म्हणतात. — मामी